लसूण पेरला आहे

उन्हाळ्यातल्या एका संध्याकाळी आमच्या कोथरूडच्या इमारतीतली वीज गेली आणि बराच वेळ आली नाही. जुन्या तीनमजली इमारतींत अशा वेळी जे होते तेच झाले. घरोघरची दारे उघडी पडली, कोणी जिन्याच्या पायऱ्यांवर येऊन बसले, कोणाच्या तरी घरात आढीला घातलेल्या आंब्यांचा वास सगळ्या मजल्यावर पसरला. शेजारच्या बंगाली कुटुंबात नातवाला सांभाळण्यासाठी वर्धमानहून आजी आल्या आहेत. सगळी इमारत त्यांना माशीमा म्हणते. त्या दारातच मांडी घालून, पदराने वारा घालत बाळाला निजवीत होत्या आणि संथ, एकसुरी असे काही गात होत्या. चाल इतकी सोपी होती की थोड्या वेळाने मीही ती मनातल्या मनात धरू लागले. बाळ झोपल्यावर मी अर्थ विचारला, तेव्हा माशीमा थांबल्या आणि त्यांनी सुनेकडे पाहिले. इतकी वर्षे पुण्यात राहून मराठी चांगले शिकलेली ती मुलगी जरा संकोचाने म्हणाली, "काकू, फार जुनं गाणं आहे हो, मनाला लावून घेऊ नका." मग तिने सांगितले. बाळ झोपले, आळी निवांत झाली, आणि देशात बर्गी आले. दाणे तर बुलबुलांनी खाल्ले, आता सारा कशाने भरायचा? भात संपला, पान संपले, थोडे दिवस दम धरा, लसूण पेरला आहे.

बर्गी म्हणजे आपले बारगीर, मराठी फौजेतले स्वार. माशीमांच्या स्वरात राग नव्हता, तक्रार तर नव्हतीच. त्यांच्या आईने त्यांना जसे निजवले तसे त्या नातवाला निजवीत होत्या. तरीही माझ्या ओठांवर क्षमायाचनेचे काहीतरी शब्द आले आणि तिथेच अडकले. मी कोण, माझे पूर्वज कोण? ते बंगालकडे कधी गेले असण्याची सुतराम शक्यता नाही. ते बालाघाटाच्या मुरमाड जमिनीत ज्वारी पिकवत होते आणि बहुधा त्यांच्याही दाराशी कोणाचे ना कोणाचे स्वार सारा मागायला येत होते. माझ्या क्षमेला काही अर्थ नव्हता. मग ती कोणी मागायची असते, आणि मागितल्याने नेमके काय होते, हा विचार वीज आल्यावरही गेला नाही.

बंगालच्या त्या स्वाऱ्या आपण शाळेत दोन ओळींत शिकतो. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे कारभारी भास्करराम कोल्हटकर १७४२ साली बंगालवर गेले, पुढे १७४४ मध्ये बंगालचा नवाब अलिवर्दीखान याने त्यांना भेटीला बोलावून दग्याने मारले, आणि अखेर १७५१ च्या तहात मराठ्यांना वार्षिक बारा लाखांची चौथाई मिळाली. दगा आपल्याला आठवतो, बारा लाखही आठवतात. गावे मात्र आठवत नाहीत, कारण ती कोणी शिकवलीच नाहीत. त्याच काळात गंगाराम नावाच्या एका बंगाली कवीने या धुमाळीवर काव्य रचले आणि त्याचे नाव महाराष्ट्र पुराण असे आहे, हे मला पदवी घेतल्यानंतर कित्येक वर्षांनी कळले. त्यात गाव सोडून पळणाऱ्यांची रांगच्या रांग आहे: पोथ्यांचे गाठोडे घेतलेले ब्राह्मण, तराजू-काटे घेतलेले सोनार, आयुष्यात पायी न चाललेल्या बायका. त्यानंतर जाळलेली घरे आहेत, आणि बायकांवर झालेले अत्याचारही आहेत. कवीच्या शब्दांत अतिशयोक्ती असेल असे धरले, तरी दोन-अडीचशे वर्षे एखादे भय अंगाईत टिकून राहते, तेव्हा त्याच्या मुळाशी काहीच नव्हते असे म्हणता येत नाही. कलकत्त्याच्या रहिवाशांनी तेव्हा शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो पुढे मराठ्यांच्याच नावाने ओळखला गेला.

हे बोलू लागले की आपल्याकडे एक उत्तर तयार असते. तो काळच तसा होता, सगळेच तसे वागत, आजच्या फुटपट्टीने काल मोजू नये. हे उत्तर मला कधीच पटलेले नाही, आणि न पटण्याचे कारण आपल्याच घरात आहे. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना शिवाजी महाराजांनी लिहवलेले पत्र आपण अभिमानाने वाचतो. कुणब्याच्या घरचे दाणे, गवत, लाकूड, भाजी जबरीने घेऊ नका. घेऊ लागलात तर लोक म्हणतील की यांच्यापेक्षा मोगल बरे. म्हणजे बंगालच्या स्वारीच्या सुमारे सत्तर वर्षे आधी फुटपट्टी होती, ती मराठीतच होती, आणि ती खुद्द राज्य स्थापन करणाऱ्याने घालून दिली होती. लसणाच्या वाफ्यावर आलेला स्वार त्याच फुटपट्टीने अपराधी ठरतो. त्यासाठी एकविसाव्या शतकातून कोणी जायला नको.

युद्धात सामान्य माणसांवर झालेल्या अत्याचारांबद्दल नंतरच्या सरकारांनी माफी मागावी की नाही, या वादात मी जितके वाचले तितकी ही एकच गोष्ट पुनःपुन्हा समोर आली. जवळजवळ प्रत्येक वेळी त्या काळातच कोणीतरी ते चूक असल्याचे सांगितले होते, बहुतेक वेळा लिहूनही ठेवले होते, आणि राज्याने तो कागद बाजूला सारला होता.

रावागेडे हे इंडोनेशियातल्या पश्चिम जावातले एक गाव आहे. ९ डिसेंबर १९४७ रोजी डच सैनिक तिथे एका इंडोनेशियन बंडखोर कप्तानाच्या शोधात आले. तो सापडला नाही, आणि तो कुठे आहे ते गावकऱ्यांनी सांगितले नाही. सैनिकांनी पुरुषांना वेगळे काढले, रांगेत उभे केले आणि गोळ्या घातल्या. गावाच्या हिशेबाने ४३१ माणसे गेली. डचांच्या हिशेबाने दीडशेच्या आसपास. आकड्यांच्या या दरीत अडकून पडण्याची गरज नाही, कारण दोन्ही आकडे गावातले पुरुष संपवणारेच आहेत. दफनविधी बायकांनी केले; पावसाळ्याचे दिवस होते, आणि खड्डे त्यांच्या हातून जेमतेम खोल झाले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९४८ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या समितीने या कृत्याला हेतुपुरस्सर आणि निर्दय म्हटले. तरीही कोणावर खटला भरला गेला नाही. १९६९ मध्ये डच सरकारने जुन्या प्रकरणांचा आढावा घेतला आणि निष्कर्ष काढला की काही ठिकाणी अतिरेक झाले असले तरी सैन्य एकंदरीत नीट वागले. तो निष्कर्ष पुढे पन्नास वर्षे तसाच राहिला.

मग त्या गावच्या विधवा न्यायालयात गेल्या. डच राज्याचे म्हणणे होते की दाव्याची मुदत केव्हाच संपली आहे. हेगच्या न्यायालयाने १४ सप्टेंबर २०११ रोजी हे म्हणणे फेटाळले. ज्या बायकांचे नवरे राज्याने स्वतः मारले त्यांच्यासमोर मुदतीचा आधार घेणे योग्य नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्याच वर्षी ९ डिसेंबरला डच राजदूत त्या गावात गेले आणि त्यांनी जमलेल्या लोकांसमोर आपल्या सरकारच्या वतीने माफी मागितली. विधवांना प्रत्येकी वीस हजार युरो मिळाले. त्या गोळीबारातून वाचलेला आणि दाव्यात सामील झालेला एक वृद्ध निकालाच्या चार महिने आधी वारला होता. पुढे २०२० मध्ये डच राजाने आणि २०२२ मध्ये पंतप्रधानांनी माफी मागितली. पंतप्रधानांच्या माफीत दोन भाग होते: इंडोनेशियाच्या स्वातंत्र्ययुद्धात डचांनी पद्धतशीरपणे केलेल्या अतिरेकी हिंसेबद्दल एक, आणि नंतरच्या सरकारांनी तिच्याकडे डोळेझाक केल्याबद्दल दुसरा. १९६९ चा निष्कर्ष अशा रीतीने त्याच खुर्चीवरून पुसला गेला. मला हा दुसरा भाग पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. सैनिकाच्या गोळीला संतापाचे, भीतीचे निमित्त असू शकते. पन्नास वर्षे कार्यालयात बसून नाही म्हणण्याला तसे कोणतेही निमित्त नसते.

माणसे मरतात, राज्य राहते.

मी केले नाही, माझ्या पिढीने केले नाही, मग मी का वाकायचे, हा प्रश्न व्यक्तीच्या तोंडी बरोबर आहे. जिन्यात बसलेल्या माझी अडचण तीच होती. सरकारच्या तोंडी मात्र तो शोभत नाही. वडिलोपार्जित शेत वारसाच्या नावावर चढते, तेव्हा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंदलेला बोजाही त्याच्यासोबत येतो. पीक माझे आणि कर्ज आजोबांचे, असे तलाठ्यासमोर कोणी म्हणत नाही. राज्येही असेच करतात. जुने तह पाळतात, मागच्या सरकारने काढलेली कर्जरोख्यांची देणी फेडतात, निवृत्त सैनिकांना निवृत्तिवेतन देतात, जुन्या विजयांचे दिवस साजरे करतात. इतके सगळे जर अखंड चालत आले असेल, तर त्याच सैन्याने जाळलेल्या गावापाशी येऊन ते अखंडपण एकाएकी तुटत नाही.

अर्थात माफी मागण्याच्याही तऱ्हा आहेत, आणि अर्धवट माफी कधी कधी न मागितल्यापेक्षा अधिक दुखावते. ऑगस्ट १९९१ मध्ये सोलमध्ये किम हाक-सून या वृद्धेने आपले नाव आणि चेहरा घेऊन पुढे येऊन सांगितले की जपानी सैन्याने तिला मुलीच्या वयात लैंगिक गुलामगिरीत ठेवले होते. १९९३ मध्ये जपान सरकारच्या वतीने मुख्य मंत्रिमंडळ सचिव कोनो यांनी सैन्याचा सहभाग मान्य करून क्षमा मागितली, १९९५ मध्ये पंतप्रधान मुरायामा यांनी युद्धाबद्दल मनापासून क्षमायाचना केली. इथपर्यंत पाऊल चांगले पडले होते. पण त्याच वर्षी जो निधी उभारला गेला, त्यातून त्या स्त्रियांना द्यायची रक्कम नागरिकांच्या देणग्यांतून आली, सरकारी तिजोरीतून नाही. सोबत पंतप्रधानांचे पत्र होते. कोरियातल्या अनेक वृद्धांनी ते पैसे नाकारले. त्या गरीब होत्या, आजारी होत्या, त्यांना पैशांची गरज होती, आणि तरीही त्यांनी नाकारले. २०१५ मध्ये दोन्ही सरकारांनी करार करून हा विषय कायमचा संपल्याचे जाहीर केले, तेव्हा आम्हाला कोणी विचारलेच नाही, असे वाचलेल्या स्त्रियांनी म्हटले. जिचा अपमान झाला तिला खोलीबाहेर ठेवून ठरवलेली माफी ही दोन परराष्ट्र खात्यांमधली तडजोड असते. अशा तडजोडीही लागत असतील. त्यांना माफी म्हणू नये.

याउलट अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात आपल्याच सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या रहिवाशांना काटेरी तारांच्या छावण्यांत डांबले होते, त्याबद्दल १९८८ मध्ये कायदाच झाला. त्या कायद्याने कारणे स्पष्ट नोंदवली: वांशिक पूर्वग्रह, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचे अपयश. हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर आणि राष्ट्राध्यक्षांच्या सहीचे पत्र मिळाले, आणि सर्वांत वृद्ध लोकांना आधी. ऑक्टोबर १९९० मधल्या पहिल्या समारंभात देशाच्या महान्यायवादींनी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या शतायुषी माणसांसमोर गुडघ्यांवर बसून ते धनादेश दिले. याच देशाच्या राष्ट्राध्यक्षांनी २०१६ मध्ये हिरोशिमाला जाऊन मृतांना आदरांजली वाहिली. माफी मागितली नाही. एकच राज्य एका बाबतीत इतके नेमके वागते आणि दुसऱ्या बाबतीत थांबते. छावण्यांतली बहुतेक माणसे त्याचीच नागरिक होती, हिरोशिमातली नव्हती, हे कारण मला नाकारता येत नाही.

आपल्याला सोसावे लागलेले प्रकरण म्हणजे जालियनवाला बाग. तिथेही त्या काळातला आवाज होताच. ज्याच्याबद्दल आपल्या मनात बंगालच्या दुष्काळामुळे कडवटपणा आहे, त्या चर्चिलने १९२० मध्ये ब्रिटिश संसदेत या हत्याकांडाला राक्षसी घटना म्हटले होते. शंभर वर्षांनी, एप्रिल २०१९ मध्ये, त्याच सभागृहात पंतप्रधान थेरेसा मे यांनी खोल खेद व्यक्त केला. माफी हा शब्द उच्चारला गेला नाही. त्या दिवशी मला राग आला होता आणि तो अजून आहे. ३७९ हा सरकारी आकडा त्यांच्याच चौकशीत नोंदलेला आहे, गोळ्यांचा १,६५० हा आकडाही त्यांचाच. आकडा मान्य आणि क्षमा नाही, असे कसे चालते? पण हा राग मनात धरून मी जेव्हा माझ्याच घराकडे वळते, तेव्हा मला आजी आठवते.

माझी आजी तुळजापूरजवळच्या एका खेड्यातली. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीने त्यांचे घर रात्रीतून निघाले आणि सरहद्द ओलांडून बार्शीला आले. बार्शी तेव्हा मुंबई प्रांतात होते, म्हणून तिथे निर्धास्तपणा होता. ही गोष्ट आजीने आम्हाला असंख्य वेळा सांगितली: बैलांच्या गळ्यातल्या घंटा चिंध्यांनी बांधून टाकलेल्या, दुधाची भुकेली माझी आत्या रडू नये म्हणून तिच्या तोंडात गुळाचा खडा, पाठीमागे कुठेतरी आभाळ तांबडे झालेले. रझाकारांचा जुलूम खरा होता, आणि सोसणाऱ्यांच्या तोंडून मी तो ऐकला आहे. १३ ते १७ सप्टेंबर या पाच दिवसांत भारतीय सैन्याने निजामाचे राज्य संपवले, आणि आमच्या घरात तो दिवस दिवाळीसारखा सांगितला जातो. गोष्ट तिथे थांबायची. दिवाळीच्या सुमारास ते गावी परतले, तेव्हा गावातली तांबोळ्याची, पिंजाऱ्याची घरे कुठे गेली होती, हे आजीने कधी सांगितले नाही. एकदाच, फार म्हातारपणी, गोधडीचे टाके घालता घालता ती म्हणाली, "पिंजाऱ्याची जैतूनबी माझ्याबरोबर नदीवर यायची. परत आलो तर विहिरीचं पाणी कोणी पीत नव्हतं." पुढे ती बोलली नाही आणि मला विचारण्याचा धीर झाला नाही.

त्या विहिरीचा कागद आहे. पंडित नेहरूंच्या सरकारने पंडित सुंदरलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९४८ च्या अखेरीस हैदराबाद संस्थानात पाठवले. त्यांनी गावोगाव फिरून अहवाल दिला. निजामाविरुद्धच्या त्या मोहिमेच्या, म्हणजे पोलीस कारवाईच्या, काळात आणि त्यानंतर किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वाधिक. मरणारे प्रामुख्याने मुसलमान होते, मारणारे बहुतेक गावचे आणि आसपासचेच. काही ठिकाणी सशस्त्र दलातल्या माणसांनी जमावाला लुटीला उत्तेजन दिले, हेही अहवालात आहे. आणि शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचवणारे हिंदू होते, तेही आहे. हा अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. आज तो अभ्यासकांना वाचता येतो, पण कोणत्याही सरकारने त्यावर दोन वाक्ये बोललेली माझ्या वाचनात नाहीत.

यावर येणारे आक्षेप मी घरातच ऐकले आहेत. रझाकारांनी काय केले ते विसरलीस का? नाही, विसरले नाही. आजीचा गुळाचा खडा मला पाठ आहे. पण पिंजाऱ्याच्या बायकोने गाव जाळले नव्हते, आणि रझाकारांचा नेता कासीम रझवी याच्या पापाची शिक्षा तिला देण्याचा अधिकार कोणाला नव्हता. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: जुने काढले की त्यावर राजकारण होईल, आज शेजारी राहणाऱ्यांत पुन्हा वैर वाढेल. ही भीती मी हलकी मानत नाही, सध्याच्या दिवसांत तर नाहीच. तरीही राजकारण तर आजही चालू आहे, आणि ते अर्ध्या गोष्टीवर चालू आहे. दर १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडा फडकतो, हुतात्म्यांना वंदन होते, आणि ते झालेच पाहिजे. त्याच भाषणात, त्या आठवड्यांत ज्यांना राज्याने संरक्षण द्यायला हवे होते आणि दिले नाही, त्यांच्याबद्दल राज्य म्हणून आम्ही क्षमा मागतो, एवढे एक वाक्य आले तर हुतात्म्यांचे काहीही उणे होत नाही.

माशीमांच्या अंगाईचे काय करायचे, याचे उत्तर मला इतके सरळ सापडत नाही. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, पुण्याची गादी त्याआधीच गेली. अलिवर्दीखानाच्या रयतेची माफी मागणारी आणि ती ऐकणारी दोन्ही घरे आज उरलेली नाहीत. तिथे पाठ्यपुस्तकाचे काम आहे. बारा लाखांच्या शेजारी लसणाचा वाफा छापावा, आणि चिपळूणचे पत्र त्याच पानावर घ्यावे. आमच्या मुलांना दोन्ही पेलतात. १९४८ चे तसे नाही. तिथे सरकार तेच आहे, अहवाल आहे, आणि तेव्हा आठ-दहा वर्षांची असलेली काही माणसे धाराशिव, नांदेड, बिदरच्या गावांत आणि पुण्याच्या पेठांतही अजून आहेत. ती आता नव्वदीला टेकली आहेत. रावागेडेचा तो वृद्ध निकालाच्या चार महिने आधी गेला. सुंदरलाल समितीचा अहवाल सरकारने मराठीत, उर्दूत, कन्नडात आणि तेलुगूत छापावा, त्या जिल्ह्यांच्या ग्रंथालयांत ठेवावा, आणि येत्या १७ सप्टेंबरच्या शासकीय भाषणात ते एक वाक्य घालावे, अशी माझी मागणी आहे. या मागणीचे पत्र मी मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयाला लिहिते आहे. ज्यांना पटेल त्यांनीही लिहावे.